संमोहन चोराच्या डोळ्यात नसतं

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या आतल्या पानावर बातमी होती, 'वृद्धेला संमोहित करून गंठण लांबवलं'. त्याच अंकात मागच्या पानावर जाहिरात होती : दोन दिवसांच्या शिबिरात संमोहनतज्ज्ञ व्हा, मागचा जन्म बघा, व्यसन सोडवा, मुलांचे मार्क वाढवा, घरातला बेबनाव मिटवा. चहा-जेवणासह. या बातमीच्या आणि जाहिरातीच्या मधोमध माझं पोट येतं, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण मधलं कापू नका.

मी एसटीचा निवृत्त वाहक, गडहिंग्लज तालुक्यातला. बरीच वर्षं आंबोली घाटातून पणजीला जाणाऱ्या गाडीवर ड्यूटी केली. नोकरीच्या उत्तरार्धात एका सरकारी रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंकडून मी संमोहन उपचार घेतले आणि मला त्याचा उपयोग झाला. हे चारचौघांत सांगितलं की लोक एक तर हसतात, नाहीतर माझ्या डोळ्यांत बघायचं टाळतात.

आधी चोरीचं बघू. उभी हयात स्टँडवर गेली, त्यामुळे ही चोरी मला नवी नाही. साध्या कपड्यातला एकजण येतो, "मावशी, पुढं चेकिंग चालू आहे, काल इथंच एकीचा गळा चिरला, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणतो. तेवढ्यात त्याचाच साथीदार प्रवासी बनून येतो आणि मुकाट्यानं आपली चेन काढून देतो. ते बघून मावशीही देते. पुडी बांधून हातात परत मिळते, गाडी सुटते, आणि घरी उघडली तर आत खडे. घाई, दरारा आणि दुसऱ्यानं केलं म्हणून आपणही करणं, एवढ्यावर हा सगळा खेळ चालतो. पुढं पोलिसांत आणि घरी सांगताना बाई म्हणते, "त्यानं डोळ्यांत बघितलं आणि मला भूलच पडली." मी तिला दोष देत नाही. मुलगा आणि सून समोर उभे असताना फसले म्हणण्यापेक्षा भूल पडली म्हणणं सोपं जातं. पण वार्ताहरानं ते तसंच छापलं की चोराला फुकटात विद्या चिकटते आणि पुडी कशी बदलली ते वाचकाला कळतच नाही.

दुसरं नुकसान माझ्या घरात झालं. मला मनोविकार विभागात पाठवलं आणि तिथं संमोहन करणार असं कळलं, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, दुखतंय पोट आणि तुम्ही जाणार डोक्याच्या डॉक्टरकडं? वर ते डोळ्यांत बघून माणूस आपला करतात. पेन्शनच्या कागदावर सही घेतली म्हणजे?" ती काही अडाणी नाही. रोज आपलाच पेपर वाचते.

आता पोटाचं. सकाळच्या गाडीची ड्यूटी असली की आदल्या रात्रीपासून पोट ढवळायला लागायचं. घरातून निघायच्या आधी दोन-तीनदा जावं लागे, स्टँडवर पोचलो की परत. गाडी घाटाला लागली की बेंबीभोवती कळ, आणि पुढचा थांबा येईपर्यंत काय करायचं हा विचार आला की कळ दुप्पट. ड्रायव्हर मंडळी समजून घ्यायची, पण भरलेली गाडी किती वेळा थांबवणार? शेवटी ड्यूटीच्या दिवशी मी जेवणच सोडलं. चहा-बिस्किटावर पणजी गाठायचो.

तपासण्या सगळ्या झाल्या. रक्त, शौच, सोनोग्राफी, शेवटी दुर्बीण. सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारले आणि "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली. कळा सोसणाऱ्या माणसाला हे वाक्य फार लागतं. दुसऱ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं : इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस. पथ्य दिलं, गोळ्या दिल्या, थोडा उतार पडला. पुढं हटेना तेव्हा त्यांनीच चिठ्ठी दिली.

या आजारात आतड्याला जखम नसते, गाठ नसते. मेंदू आणि आतडं यांच्यात सतत निरोपांची ये-जा चालते, ती बिघडलेली असते. गॅसनं आतडं थोडं ताणलं तर तुम्हाला कळतसुद्धा नाही, मला तीच कळ वाटते. गाडीत घंटीची दोरी फार ताणून बांधली की कुणाच्या पिशवीचा धक्का लागला तरी टण्ण वाजते आणि ड्रायव्हर बिचारा ब्रेक मारतो. थांबा नसतो, उतरणारा कुणी नसतो, पण घंटी खोटी वाजली असंही म्हणता येत नाही. दुखणं खरंच असतं.

डॉक्टरबाईंनी पहिल्या भेटीत संमोहन केलंच नाही. नुसते प्रश्न विचारले. वजन घटलंय का, शौचातून रक्त जातं का, रात्री झोपेतून उठून जावं लागतं का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का. मग : कानात आवाज येतात का, कुणी पाळतीवर आहे असं वाटतं का. मी जरा चिडलो. तेव्हा त्यांनी समजावलं की ज्याला भ्रम होतात त्याच्यावर हे सहसा करत नाहीत, त्रास वाढू शकतो. आणि पोटदुखीचं दुसरं कारण असेल तर ते झाकलं जाता कामा नये. दोन दिवसांच्या शिबिरात हे प्रश्न शिकवतात की नाही कोण जाणे.

पुढच्या वेळी खुर्चीत बसवलं. मी लंबकाच्या घड्याळाची वाट बघत होतो. घड्याळ नव्हतंच. समोरच्या भिंतीवर रंगाचा एक पोपडा निघाला होता, त्याच्याकडं मान न हलवता बघायला सांगितलं. तो बरोबर अशा उंचीवर होता की नजर वर ताणावी लागे. थोड्या वेळात डोळे जड झाले, मिटले. मग श्वास, मग खांदे, मग आकडे मोजणं. बाहेर ट्रॉलीची चाकं कुरकुरत होती, "हा केसपेपर कुणाचा?" असं कुणीतरी ओरडलं, ते सगळं मला ऐकू येत होतं. मनात आलं असतं तर उठून चालायला लागलो असतो. तसं मनात येत नव्हतं, एवढाच फरक. त्या म्हणाल्या, उजवा हात हलका होतोय, वर जातोय. आणि गेला की वर! मी उचलत होतो असं म्हणवत नाही आणि नव्हतो असंही म्हणवत नाही.

मग तळहात पोटावर ठेवायला लावला. ऊब आत उतरतेय, आतडं सैल होतंय, अशा सूचना. त्यानंतर म्हणाल्या, एखादी नदी डोळ्यांसमोर आणा. मी आधीच सांगून ठेवलं होतं की आमची नदी हिरण्यकेशी. "पण मॅडम, पावसाळ्यातली नको, ती पूल बुडवते." तर हसून म्हणाल्या, "मग मार्चमधली घ्या, काका." मार्चमधली हिरण्यकेशी दगडांना वळसे घालत चालते, कुठं थांबत नाही आणि कुठं उसळतही नाही. पोटाचा कारभार तसा चालू दे, असं त्या शांत आवाजात परत परत सांगायच्या. नंतर त्याच नदीबरोबर मला घाटातल्या गाडीत उभं केलं, हातात तिकिटाचं मशीन देऊन.

खरं काम घरी होतं. त्यांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून दिला होता, तो ऐकत रोज पडायचं. पुढं रेकॉर्डिंगशिवाय आपलं आपण करायचं, त्याला स्वसंमोहन म्हणतात. बायको पहिल्या दिवशी दारातून डोकावून बघत होती. उठल्यावर तिनं विचारलं, "कपाटाची किल्ली कुठं असते ते सांगितलंत का त्यांना?" सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

चमत्कार काही झाला नाही. महिना-दीड महिना रोज केल्यावर एवढं लक्षात आलं की घाटात कळ येते, पण तिच्या मागून येणारी भीती येत नाही, आणि भीती नाही म्हटल्यावर कळही फार वेळ टिकत नाही. भाकरी खाऊन ड्यूटीला जायला लागलो. दूध अजून सोसत नाही, वाईट दिवस अजून येतात. पण मी ड्यूटी बदलून मागणार होतो, ती मागावी लागली नाही.

आता पणजीचं सांगतो, कारण या विषयाचं मूळ तिथं आहे आणि आपल्या वाचकांतले निम्मे लोक त्याच्यासमोर फोटो काढून आलेले असतील. मुक्कामी गाडी असली की संध्याकाळी मांडवीच्या काठानं फिरायला जायचो. जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक पुतळा आहे : झगा घातलेला माणूस दोन्ही हात पुढं करून उभा आणि त्याच्यापुढं एक बाई मागं कलंडतेय. कितीतरी वर्षं मला वाटायचं की हा कुणी मांत्रिक असावा. ते निघाले आबे फारिया, बार्देशातल्या कांदोळीचे. जन्म १७५६. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली हा पुतळा केला.

फारिया लहानपणीच वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले आणि पुढं पाद्री झाले. त्यांची एक गोष्ट गोव्यात सगळे सांगतात. लिस्बनला राणीपुढं प्रवचन द्यायला उभे राहिले आणि जीभ लुळी पडली, एक शब्द फुटेना. खाली बसलेले वडील कोकणीत हळूच म्हणाले, ही सगळी भाजी, कातर रे भाजी. समोरचे सरदार-दरकदार भाजीसारखे दिसायला लागले आणि प्रवचन धडाधड झालं. खरंखोटं देव जाणे. पण एका वाक्यानं आपल्या अंगात काय होतं याचा विचार ज्या माणसानं पुढं आयुष्यभर केला, त्याच्या नावावर ही गोष्ट शोभते.

फारियांच्या आधी व्हिएन्नाचे डॉक्टर मेस्मर यांनी पॅरिस दणाणून सोडलं होतं. माणसाच्या अंगात अदृश्य चुंबकी प्रवाह असतो आणि तो मी हातानं वळवतो, हा त्यांचा दावा. फ्रान्सच्या राजानं १७८४ साली चौकशी समिती नेमली. तीत रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते आणि अमेरिकेचे वकील म्हणून तिथं राहणारे बेंजामिन फ्रँकलिनही होते. फ्रँकलिन यांच्या बागेत एका झाडावर 'चुंबकत्व' सोडलं आणि बारा वर्षांच्या एका पोराला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेलं. पोरगं चौथ्या झाडाखाली बेशुद्ध पडलं. आणि मंतरलेलं झाड वेगळंच होतं! समितीनं निकाल दिला की प्रवाह-बिवाह काही नाही, हा कल्पनेचा परिणाम. मेस्मर यांचं हसं झालं. पण झाडात काही नसताना पोरगं पडलं कसं, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याला धरून बसले ते आपले कांदोळीचे फारिया. १८१३ पासून त्यांनी पॅरिसला जाहीर प्रयोग सुरू केले. माणसाला आरामात बसवायचं, झोपेवर मन एकाग्र करायला सांगायचं आणि ठाम आवाजात म्हणायचं, "झोपा!" हातवारे नाहीत, चुंबक नाही. माझ्यातून काही निघत नाही, जे होतं ते समोर बसलेल्या माणसात होतं, हे त्यांचं म्हणणं. पॅरिसनं त्यांची टिंगल केली. १८१९ साली, ज्या वर्षी त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं त्याच वर्षी, ते गेले. आणि पुतळा बघा : बाईवर हात रोखून उभे, जणू बोटांतून काही निघतंय! जे त्यांनी जन्मभर नाकारलं तेच त्यांच्या हाती दिलंय. पुतळा म्हणून झकास आहे, त्याबद्दल वाद नाही.

हिंदुस्थानातलं दुसरं ठिकाण म्हणजे बंगालमधलं हुगळी. तिथले स्कॉटिश सर्जन जेम्स एस्डेल यांनी एप्रिल १८४५ मध्ये तुरुंगातल्या एका कैद्याचं अंडवृद्धीचं ऑपरेशन मेस्मर यांच्या हात फिरवायच्या पद्धतीनं केलं. पुढच्या काही वर्षांत अशी शेकड्यांनी केली. तेव्हा गुंगीचं औषधच नव्हतं, पेशंटला चौघं धरून ठेवायचे. एस्डेल यांचा प्रवाहावर विश्वास होता, पण तासन् तास पेशंटवरून हात फिरवायचं काम करायचे त्यांचे देशी मदतनीस. म्हणजे साहेबाच्या बोटांत खास काही नव्हतं, हे त्यांच्याच दवाखान्यात दिसत होतं. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनला ईथर आलं, १८४७ ला क्लोरोफॉर्म, आणि एस्डेल मागं पडले. त्यात रडण्यासारखं काही नाही. क्लोरोफॉर्म सगळ्यांवर चालतं, संमोहन सगळ्यांवर चालत नाही.

हे न चालणं जाहिरातवाले सांगत नाहीत. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ साली संमोहनक्षमता मोजायची पट्टी तयार झाली. साधारण १० ते १५ टक्के लोक फार सहज संमोहित होतात, जवळजवळ तेवढेच फारसे होत नाहीत, आणि बाकीचे माझ्यासारखे मधले. स्टेजवरचे जादूगार याच आकड्यावर पोट भरतात. आमच्या आगाराच्या गणपतीत एकदा असा कार्यक्रम झाला. गड्यानं आधी सगळ्या प्रेक्षकांना बोटं गुंफायला लावली आणि "आता सुटणार नाहीत" म्हणाला. ज्यांची खरंच सुटेनात त्यांनाच वर घेतलं. पुढं त्यातला एक कोंबड्यासारखा आरवला आणि लोक गड्याच्या नजरेला मानायला लागले. निवड आधीच झाली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माझ्यावर वापरलेली नजर वर ताणायची रीत मँचेस्टरचे सर्जन जेम्स ब्रेड यांची. १८४१ साली असाच एक स्टेजवरचा खेळ बघून त्यांनी शोध सुरू केला. त्याच मँचेस्टरात १९८४ साली डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी आयबीएसच्या औषधाला दाद न देणाऱ्या ३० पेशंटांवर अभ्यास केला. अर्ध्यांना संमोहन दिलं, अर्ध्यांना समुपदेशन आणि औषध नसलेली गोळी. संमोहनवाल्यांचा फरक फार मोठा होता. ३० हा आकडा छोटा, हे मलाही कळतं. पण पुढं आणखी अभ्यास झाले आणि २००८ साली ब्रिटनच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शिकेत हा उपचार आला : १२ महिने औषधं घेऊन उतार नसेल तर विचार करावा. पोटावरचा हात आणि नदी ही मँचेस्टरचीच रीत, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. हिरण्यकेशी तेवढी माझी.

बेल्जियममधल्या लिएज शहरात १९९२ पासून थायरॉइडची ऑपरेशनं जागेवर भूल देऊन आणि संमोहनाच्या जोडीनं होतात, पूर्ण बेशुद्ध न करता. भाजलेल्या पेशंटची मलमपट्टी, दातांच्या खुर्चीची धास्ती, सुईची भीती, बाळंतपणाच्या कळा, कॅन्सरच्या औषधांनंतरची मळमळ, इथंही याचा जोड-उपचार म्हणून वापर होतो. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं १९५५ मध्येच मान्यता दिली होती. पण सिगारेट सोडण्याबाबत संमोहन दुसऱ्या उपायांपेक्षा सरस आहे असा पुरेसा पुरावा नाही. माझा एक ड्रायव्हर मित्र माझं बघून तंबाखू सोडायला म्हणून गेला होता. खुर्चीत छान घोरला. तंबाखू आजही खिशात आहे.

राहिला मागचा जन्म. संमोहनात माणूस सूचना पटकन घेतो, उपचार चालतो तो त्यामुळेच. तिथं कुणी विचारलं, "तुम्हाला कुणी मारलं?" तर मन कुणीतरी उभा करून देतं, कपड्यांसकट. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीनं १९८५ साली स्पष्ट सांगितलं की संमोहनात आठवलेलं जास्त विश्वासार्ह नसतं. आणि सांगणाऱ्याची खात्री मात्र वाढलेली असते. आमच्या नात्यातली एक बाई पैसे भरून असा जन्म बघून आली. त्यात शेजारणीनं तिला विहिरीत ढकललं होतं म्हणे. दोन घरांचं हळदीकुंकू तेव्हापासून बंद आहे. ती शेजारीण बिचारी या जन्मात पाण्याची मोटर चालू करायलासुद्धा हिलाच विचारायची.

तेव्हा कुणाला जायचंच असेल तर समोरच्याला एकच विचारा : संमोहन न वापरता तुम्ही या आजारावर उपचार करता का? मनोविकारतज्ज्ञ, भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंद असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, दातांचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, हे आपापल्या आजारांपुरतं हो म्हणतील. 'नाही, मी फक्त संमोहन करतो' असं उत्तर आलं तर चप्पल घालून बाहेर पडा. आणि चालू गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका.

संपादकसाहेब, आपल्याकडं दोन मागण्या. एक, अशा चोरीच्या बातमीत चोर काय बोलला, साथीदार कुठं उभा होता, पुडी कधी बदलली, हे छापा. पुढच्या मावशीला त्याचा उपयोग होईल. दोन, आरोग्याच्या पानावर एखाद्या मनोविकारतज्ज्ञाकडून या विषयावर चार लेख लिहून घ्या. ती जाहिरात छापायची की नाही हा आपला धंद्याचा प्रश्न आहे, पण निदान ती आरोग्याच्या पानाला लागून तरी नको.

आपला,
एक निवृत्त वाहक, ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर

ता. क. : डॉक्टरबाईंचं नाव विचारायला माझा पत्ता मागू नका, त्यांच्या ओपीडीची रांग आधीच जिन्यापर्यंत येते. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात चौकशी करा. जाताना पोटाचे जुने रिपोर्ट सगळे न्या. पहिला अर्धा तास त्यातच जातो.